नोगाच्या डब्यामागे : प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

वाचनालयाच्या लांब भिंतीवर यंदाच्या प्रदर्शनात काय मांडायचं, हे आजच्या बैठकीत नक्की झालं. विदर्भातल्या फळं-भाज्या डबाबंद करण्याच्या धंद्याचा इतिहास, आणि त्याच्या मध्यभागी नोगा. नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन, म्हणजे संत्रा बागायतदारांची संघटना. तिच्या आद्याक्षरांचं हे नाव. पन्नाशीपुढच्या प्रत्येक नागपूरकराच्या घरात या नावाची बाटली कधी ना कधी आलेली आहे. वाचनालयात येणाऱ्या कॉलेजच्या पोरींना विचारलं, तर त्यांतल्या एकीलाही हे नाव संत्र्याच्या शेतकऱ्यांचं आहे हे ठाऊक नव्हतं. भिंतीची गरज तिथेच आहे.

समितीतल्या एका ज्येष्ठांचं म्हणणं पडलं की अध्यक्षांची यादी, उद्घाटनाचे फोटो आणि उलाढालीचा तक्ता लावला की इतिहास झाला. मला ते पटत नाही आणि मी तसं बोलले. खाद्य तंत्रज्ञान शिकले म्हणून असेल, पण मला वाटतं असल्या कारखान्याचा इतिहास फळ, पत्रा आणि हात या तिन्हींतून लिहायला हवा. फळ केव्हा येतं, डब्यात गेल्यावर त्याचं काय होतं, डबा कोण भरतं. माणसांची नावं त्यानंतर. सगळ्यांनी मान डोलावली आणि काम माझ्याकडे आलं.

१५ जानेवारी

आज नुसती चौकट लिहून काढली.

नागपुरी संत्र्याचं मूळ भोसल्यांशी जोडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस रघुजी भोसल्यांनी औरंगाबादकडून कलमं आणवून वाड्याच्या बागेत लावली, असं सांगितलं जातं. पुढे बागा काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या पट्ट्यात पसरल्या. १८६७ साली मुंबईहून रेल्वे नागपुरापर्यंत आली आणि हे नाजूक, सैल सालीचं फळ दूरच्या बाजारात जाऊ लागलं. स्टेशनामागचा संत्रा मार्केट आजही त्या नात्याची खूण सांभाळून आहे.

दुसऱ्या महायुद्धात सैन्याला डबाबंद अन्न लागलं आणि देशभरात फळप्रक्रियेला जोर आला. १९५० साली म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. १९५५ साली फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर, म्हणजे फळांच्या पदार्थांसाठीचा सरकारी नियम, धंद्यातल्या लोकांचा 'एफपीओ', लागू झाला. १९६५ साली महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळ स्थापन झालं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नोगा त्याच्याकडे आलं. बागायतदारांनी उभारलेली संस्था सरकारी महामंडळाचा एक विभाग झाली, नाव मात्र तेच राहिलं. ब्रँड म्हणून आजही तेच चालू आहे.

एवढा सांगाडा भिंतीच्या डाव्या टोकाला एका फलकात बसेल. जास्त जागा त्याला द्यायची नाही.

१९ जानेवारी, रविवार

लोकांना आवाहन केलं होतं : घरात जुना डबा, बाटली, लेबल, काहीही असेल तर आणा. माळ्यावरून बऱ्याच वस्तू खाली आल्या आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या आहेत. कुणी स्क्वॅशची बाटली रॉकेल ठेवायला वापरलेली, कुणी डब्यात खिळे भरलेले. त्यातला एक डबा तर तुळशीजवळ पणत्या ठेवायला वापरात होता. काकूंनी तो मोठ्या मनाने उसना दिला.

एकावरही साल लिहिलेलं नाही. आज दुपारभर लेबलांवरून काळ ठरवत बसले. हे काम मला फार आवडलं, म्हणून रीत सविस्तर लिहून ठेवते. पुढे कुणी असंच काही करणार असेल तर उपयोगी पडेल.

वजन औंसात असेल तर लेबल जुनं, मेट्रिक मापं रूढ होण्याआधीचं. पत्त्यात नुसतं 'नागपूर-१' किंवा 'मुंबई-१८' असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. पिन असेल तर नंतरचं, यात शंका नाही. मात्र पिन नसेल तर नक्की आधीचं, असं म्हणता येत नाही. छापून ठेवलेली लेबलं कारखाने वर्षानुवर्षं पुरवून वापरत. एफपीओचा शिक्का आणि परवाना क्रमांक असेल तर १९५५ नंतरचं. निर्मितीची तारीख आणि किंमत ठळक छापलेली दिसली तर १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनंतरचं असण्याचा संभव जास्त. चौकोनातला हिरवा ठिपका असेल तर २००१ नंतरचं. आणि एफपीओ जाऊन अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक आला असेल तर २०११ नंतरचं.

या चाळणीतून काकूंचा पणत्यांचा डबा बहुधा साठच्या दशकातला ठरतो. त्यावर एफपीओ आहे, ग्रॅम आहेत, पिन नाही. काकूंना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे माझ्या लग्नाच्या वेळचा हो! सासूबाईंनी आणला असेल."

२३ जानेवारी

त्याच डब्याच्या पत्र्याकडे आज नीट पाहिलं. उंची पावणेपाच इंचांच्या किंचित आत, व्यास चार इंचांच्या जरासा वर. धंद्यात या मापाला 'ए अडीच' म्हणतात आणि कागदावर ४०१ × ४११ असं लिहितात. पहिला आकडा पूर्ण इंच आणि पुढचे दोन इंचाचे सोळांश, म्हणजे चार इंच एक सोळांश रुंद, चार इंच अकरा सोळांश उंच. आंब्याच्या रसाचे ८५० ग्रॅमचे डबे आजही याच मापात येतात. हॉटेलांना जाणारा तीन किलोच्या वरचा मोठा डबा म्हणजे 'ए दहा'.

अंगावर उभी शिवण आहे आणि ती झाळलेली आहे. शिशाच्या झाळकामाची रेघ नखाला लागते. पुढे विजेने जोडलेल्या शिवणी आल्या आणि अन्नात शिसं उतरण्याची धास्ती संपली. आतून डबा कोरा आहे, लाखेचा थर नाही. म्हणजे त्यात वाटाणे नसणार. वाटाण्यात गंधक असतं. कोऱ्या पत्र्याला ते लागलं की काळे डाग पडतात. म्हणून वाटाण्याच्या डब्याला आतून गंधकरोधक लाख लावतात, आणि लालजांभळ्या फळांना आम्लरोधक. संत्रं, अननस यांना मात्र कोरा पत्राच मानवतो. पत्र्यावरच्या कथिलाचा अंश रसात उतरतो आणि रंग उजळ ठेवतो. लेबल गळून गेलं, तरी आत काय होतं याचा अंदाज पत्र्याचं पोट पाहून बांधता येतो.

वेगळ्या, बिनकामाच्या डब्याची कडा करवतीने कापून भिंगाखाली धरली. झाकणाची वाकवलेली कड आणि अंगाची वाकवलेली कड एकमेकांत अडकलेल्या स्वच्छ दिसतात. पत्र्याच्या पाच पदरी घड्या. तीन झाकणाच्या, दोन अंगाच्या. मध्ये रबरी लेपाची बारीक रेघ. सगळा धंदा या दोन-तीन मिलिमीटरच्या घडीवर उभा आहे. ही घडी सैल बसली तर आतलं शिजवणं, साखर, स्वच्छता सगळं पाण्यात. कापलेली कडा भिंग लावूनच मांडायची. लोकांनी वाकून पाहिलं पाहिजे.

२ फेब्रुवारी, रविवार

विदर्भातल्याच एका कॅनिंग कारखान्यात हयात घालवलेले एक काकाजी भेटले. कारखान्याचं नाव त्यांनी घेऊ नको म्हटलं, त्यांचंही नाही. डबे सील करणाऱ्या यंत्रावर होते, नंतर गोदामावर.

मी काकूंचा डबा पुढे केला. त्यांनी तो हातात घेऊन उलटा केला, तळावरची उठावाची अक्षरं अंगठ्याने चाचपली. तळावर किंवा झाकणावर ठोकलेल्या त्या अक्षरांत माल, वर्ष, दिवस, पाळी सगळं दडलेलं असतं, पण प्रत्येक कारखान्याची लिपी वेगळी. ही त्यांनाही वाचता आली नाही.

मग म्हणाले, "डब्याले नुसतं पाहून काही समजत नाही ताई. त्याले वाजवून पाहा लागते."

गोदामात डब्यांची थप्पी लागली की ते हातात एक बारीक काठी घेऊन ओळीने झाकणांवर टिचकी मारत जायचे. आत निर्वात पोकळी नीट असेल तर झाकण आत ओढलेलं असतं आणि आवाज खणखणीत, वरच्या पट्टीतला येतो. हवा शिरलेली असेल तर बद्द. तो डबा बाजूला. त्यांनी माझ्यासमोर दुकानातून आणलेल्या दोन भरल्या डब्यांवर चमच्याने वाजवून दाखवलं. एक डबा मुद्दाम कडेला ठोकून आत हवा घेतलेला होता. फरक मलाही कळला, पण शेकडो डब्यांच्या रांगेत चालता चालता तो ओळखणं ही कमाई वर्षांची आहे.

डब्यात निर्वात कशी येते, हे त्यांनी शाळेच्या पुस्तकापेक्षा चांगलं सांगितलं. फोडी आणि पाक भरला की उघडा डबा वाफेच्या बोगद्यातून न्यायचा. मधला भाग ऐंशी अंशांच्या आसपास तापला की हवा निघून जाते. तसाच गरम असताना झाकण बसवायचं. थंड झाला की आत आपोआप ओढ धरतो. त्यानंतर पुन्हा शिजवायचा आणि लगेच पाण्यात थंड करायचा, पण पार गार नाही करायचा. "हाताले कोमट लागला पाहिजे. तेवढ्या गर्मीनं वरचं पाणी वाळते. नाहीतर गंजते ना बाप्पा!" पुस्तकात हेच ३८ ते ४० अंश सेल्सिअस असं लिहिलेलं असतं.

फुगलेल्या डब्यांविषयी विचारलं. त्यांनी लगेच दोन जाती केल्या. एक जंतूंनी फुगलेला, तो सरळ पुरायचा. दुसरा आम्लाने पत्रा खाऊन हायड्रोजन झाल्यामुळे फुगलेला. दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, म्हणून दोन्ही फेकायचे; त्यात वाद नाही. ध्वनिमुद्रण केलं आहे. भिंतीजवळ दोन डबे आणि एक काठी ठेवायची, पोरांनी वाजवून बघावं.

८ फेब्रुवारी

डबाबंदीच्या जागतिक इतिहासाचा फलक. लवकर आटोपला आणि छोटाच ठेवला.

निकोला आपेर हा फ्रेंच मिठाईवाला. बाटल्यांत अन्न भरून, बुचं लावून, उकळत्या पाण्यात ठेवून ते टिकवण्याची रीत त्याने वर्षानुवर्षं करून बघितली. फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले, अट एकच : रीत छापून जाहीर कर. ती १८१० साली छापून आली. अन्न का टिकतं हे त्यालाही ठाऊक नव्हतं; पाश्चरचं जंतूंवरचं काम त्यानंतर पन्नास वर्षांनी झालं. १८१० सालीच इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँडने पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे कथिलाचा मुलामा दिलेला पत्रा बनवणारा कारखाना जमशेदपूरजवळ गोलमुरीला १९२० च्या दशकात सुरू झाला.

मला यातली एकच गोष्ट ठसठशीत दाखवायची आहे : पैसे रीत उघड करण्यासाठी मिळाले.

१६ फेब्रुवारी, रविवार

या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हा. संत्र्याच्या शेतकऱ्यांच्या नावाचा ब्रँड लोकांना आठवतो तो मात्र टोमॅटो केचपसाठी आणि जॅमसाठी. आवाहनाला आलेल्या आठवणी मी वेगळ्या लिहिल्या आहेत. बहुतेकांत डब्यातली पोळी आणि तिच्यावर पसरलेला जॅम, नाहीतर समोशाबरोबरचा केचप. संत्र्याचा स्क्वॅश मागाहून आठवतो. आणि डबाबंद संत्र्याचा रस फारच थोड्यांना. असं का?

बाजारात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली, फळं आली आहेत. त्यातून चांगली रसदार बघून घेतली आणि घरी रस काढला. तीन बरण्या. पहिलीत हलक्या हाताने पिळलेला ताजा रस. दुसरीत तोच रस नव्वद अंशांपर्यंत तापवून. तिसरीत बिया आणि पांढऱ्या शिरांसकट मिक्सरमध्ये फिरवून गाळलेला आणि तापवलेला. तिन्हींची चव लगेच घेतली. पहिली गोड-आंबट, आपल्या ओळखीची. दुसरी शिजल्यासारखी, पण गोडच. तिसरीला किंचित तुरटपणा. झाकून फ्रिजमध्ये ठेवल्या.

१७ फेब्रुवारी

सकाळी चहाच्या आधी चाखलं, तोंड कोरं असताना. पहिल्या बरणीच्या मागच्या चवीला कडवटाची बारीक शेपूट आली आहे. दुसरी स्पष्ट कडू. तिसरी घोटभरही घेववत नाही. कडूपणा जिभेच्या मुळाशी बसून राहतो आणि पाण्याने जात नाही. शेजारच्या काकाजींना काही न सांगता दुसरी बरणी चाखायला दिली. "अवं, यात कडुनिंब घातला का तुनं?" म्हणाले.

कारण असं. अख्ख्या फळाच्या गरात कडू असं काही नसतं. बियांत आणि शिरांत एक बेचव पदार्थ असतो. फळ चिरडलं की तो रसातल्या आम्लाला भेटतो आणि काही तासांत त्याचं लिमोनिन होतं. गरम केलं तर आणखी लवकर. हे लिमोनिन एवढं कडू की दहा लाख भागांत सुमारे सहा भाग असलं तरी जिभेला कळतं. लवकर तोडलेल्या फळात ते जास्त, झाडावर पुरतं पिकलेल्यात कमी. आणि आपल्या नागपुरी संत्र्यात ही खोड पुरेपूर आहे.

म्हणजे जे फळ सोलून खाल्लं तर जगात तोड नाही, तेच डब्यात घालून तापवलं की दुसऱ्या दिवशी कडू. ब्राझील आणि फ्लोरिडात रसाचा एवढा मोठा धंदा झाला तो वेगळ्या जातींवर, घट्ट सालीच्या मोसंबीवर्गीय गोड संत्र्यांवर. आपल्याकडे सभा-संमेलनांत नेहमी ऐकू येतं की विदर्भातल्या लोकांना प्रक्रिया उद्योग जमलाच नाही. मला हे बोलणं अन्यायाचं वाटतं. ज्यांनी इथे कारखाना उभा केला त्यांच्यासमोर हे रसायन होतं. कडूपणा रेझिनच्या स्तंभातून शोषून घेता येतो, पण ते यंत्र आणि ते ज्ञान लहान कारखान्याच्या आवाक्यात फार उशिरा आलं.

या तीन बरण्यांचा फलक भिंतीच्या बरोबर मध्यावर हवा. चाखायला ताजं काढून ठेवता येईल का, हे समितीला विचारायचं.

२० फेब्रुवारी

तीन बरण्यांच्या विचाराला पुढे नेणारा भाग : मग संत्र्याचं काय करता आलं?

स्क्वॅश. एफपीओप्रमाणे त्यात किमान २५ टक्के रस आणि ४० टक्के विद्राव्य घटक. उरलेली साखर आणि आम्ल कडूपणा झाकतात, शिवाय तो पाणी घालूनच प्यायचा. तापवण्याऐवजी गंधकाच्या वायूवर टिकवायचा, त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. मर्यादा दहा लाखांत ३५० भाग. आमच्या आईच्या पिढीच्या बायका औषधाच्या दुकानातून याची पुडी 'केएमएस' म्हणून आणायच्या आणि घरी स्क्वॅश करायच्या. आता एक बारकावा : गंधकाचा हा वायू पत्र्याला चालत नाही, पत्रा खातो. म्हणून स्क्वॅश काचेच्या बाटलीत. वाचनालयात आलेल्या वस्तूंत संत्र्याच्या जेवढ्या आहेत त्या जवळजवळ सगळ्या बाटल्याच का, याचा उलगडा इथे होतो.

मार्मालेड, म्हणजे सालीसकट केलेला संत्र्याचा जॅम. त्यात थोडा कडवटपणा हवाच असतो, पण तो आपल्या खाण्यात कधी फारसा रुळला नाही.

फोडी. साल काढायची, पाकळ्या सुट्या करायच्या, पातळ कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणातून काढून वरचा पापुद्रा उतरवायचा, भरपूर पाण्याने धुवायच्या, पाकात भरायच्या. जपानने त्यांच्या लहान संत्र्यांच्या अशा डब्यांवर मोठी निर्यात केली. पण त्यांची संत्री बिनबियांची. आपल्या पाकळीतली बी एकेक काढायची म्हणजे हात किती लागतील!

२५ फेब्रुवारी

त्या हातांचीच गोष्ट आज ऐकायला मिळाली. एका मावशींनी तरुणपणी हंगामी काम केलं होतं, असल्याच एका ठिकाणी. नाव लिहीत नाही.

"हिवाळ्यात वटाणे सोला, मंग टमाटे, मंग उन्हाळ्यात आंबे. संत्रं आलं की संत्रं. आम्हाले महिना फळावरून समजे." संत्र्याच्या सालीतल्या तेलाने बोटं चुरचुरायची आणि नखांच्या कडा सोलपटायच्या, हे त्यांनी हात पुढे करून दाखवलं. टोमॅटोने त्याहून वाईट. दिवसभर आम्लात हात असला की कातडी पांढरी पडून सुरकुतते. घरी गेल्यावर खोबरेल तेल चोळायचं. मजुरी नगावर की दिवसावर, यावर त्या आणि त्यांची बहीण यांचा माझ्यासमोर बराच वाद झाला. शेवटी दोघींनी मान्य केलं की सोलायच्या कामाला नगावर, भरायच्या कामाला रोजावर.

मी विचारलं, डबे कधी घरी आणले का? "मावशी डबा भरे, खाये कोण?" एवढंच म्हणाल्या. नंतर चहा झाल्यावर सांगितलं की बाजारातला डबा त्यांनी कधीच विकत घेतला नाही, ऐपतीचा प्रश्नच नव्हता. मुलीच्या लग्नात मात्र जॅमची बाटली आणली होती, पाहुण्यांसाठी.

त्यांच्या बोलण्यातून कारखान्याचं वर्ष उलगडलं, ते मी गोल चक्रावर मांडणार आहे. डिसेंबर-फेब्रुवारी वाटाणा, जानेवारी ते मार्च टोमॅटो, मे-जून आंब्याचा रस, ऑक्टोबर ते डिसेंबर आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळा सरताना फुललेलं, संत्रं, फेब्रुवारी-मार्चपासून मृग बहाराचं. बॉयलर आणि सीलची यंत्रं वर्षभर चालली तरच कारखाना तगतो. एकाच फळावर बांधलेला कारखाना आठ महिने बंद राहतो आणि व्याज मात्र बारा महिने चालतं. संत्र्याच्या नावाने निघालेला धंदा टोमॅटोकडे वळतो त्यामागे हा हिशेबही आहे.

१ मार्च

वाटाणा आणि फळ यांच्यातला फरक पोरांना कसा सांगायचा, यावर दिवस गेला. फळं आंबट असतात, पीएच ४.६ च्या खाली. तिथे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकत नाही, त्यामुळे उकळत्या पाण्याची उष्णता पुरते. टोमॅटो काठावर. वाटाणा, गाजर, भेंडी यांना मात्र दाबाखालची वाफ हवी, १२१ अंशांच्या आसपास, म्हणजे घरच्या कुकरमध्ये साधारण जेवढं तापतं तेवढं. त्या मोठ्या कुकरला कारखान्यात रिटॉर्ट म्हणतात. भाज्यांचा डबा करणाऱ्याकडे रिटॉर्ट आणि त्यावर लक्ष ठेवणारा जाणता माणूस दोन्ही हवेत. घरी कुणी भाज्यांच्या बरण्या नुसत्या उकळून भरत असेल तर त्याने तसं करू नये. हे वाक्य फलकावर ठळक अक्षरांत घालायचं ठरवलं आहे.

जॅम आणि केचपचा फलक त्याच्या शेजारी. एफपीओप्रमाणे जॅममध्ये फळ ४५ टक्के, विद्राव्य घटक ६८. एवढ्या साखरेत जंतूला पाणीच मिळत नाही. टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी, ते आटवत आटवत प्युरीतले घन घटक किमान ९ टक्क्यांवर आणायचे. म्हणजे जवळजवळ निम्मं पाणी वाफ होऊन जातं, आणि त्या वाफेमागे कोळसा जळतो.

९ मार्च, रविवार

आज नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात पतंजलीच्या फूड पार्कचं उद्घाटन झालं. दिवसाला ८०० टन संत्री आणि इतर फळं हाताळण्याची क्षमता सांगितली आहे. रसाबरोबर सालीचं तेल, बियांचाही उपयोग करू म्हणतात.

संध्याकाळी वरूडकडच्या एका बागायतदार भाऊंशी फोनवर बोलले. त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे. चांगलं फळ व्यापारी बगीच्यातूनच उचलतो. प्रश्न चुरीचा, म्हणजे लहान आणि डागी मालाचा, आणि गळून पडलेल्या फळाचा. बांगलादेशने आयातशुल्क वाढवत नेल्यापासून मोठं फळही अडकतं, मग चुरीला कोण विचारणार? कारखाना चुरी घेतो, पण भाव काय देतो? "भाव ठरवताना आम्ही कुठं असतो ताई? आमच्या आजोबाच्या वेळी निदान असोसिएशन तरी आमची होती."

हे वाक्य मी त्यांची परवानगी घेऊन उतरवलं आहे. माझंही मत इथेच येऊन ठरलं. नव्या कारखान्यांचं स्वागत आहे, मनापासून. पण बागायतदारांनी एकदा आपली संघटना करून आपलं फळ आपणच प्रक्रियेला नेलं होतं, हे या शहराला ठाऊक असलं पाहिजे. नोगाचा इतिहास एका ब्रँडच्या आठवणींपुरता राहू नये. कारखान्याच्या टेबलावर पिकवणाऱ्याची खुर्ची कुठे होती, केव्हा सरकली, हे विचारण्याचा तो पुरावा आहे.

१५ मार्च

फलकांचा मजकूर समितीसमोर वाचला. ज्येष्ठांनी पुन्हा अध्यक्षांच्या यादीचा विषय काढला, पण तीन बरण्या चाखल्यावर त्यांनीच सुचवलं की हा फलक दारातून आत शिरताच दिसेल असा ठेवा. लिमोनिनचं रसायन सोपं करून पुन्हा लिहायचं आहे. काकाजींचं ध्वनिमुद्रण त्यांच्याच बोलीत ठेवायचं, प्रमाण भाषेत बदलायचं नाही, यावर एकमत झालं.

लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेला, अमरावती रोडवरच्या, पत्र पाठवलं : कमी बियांच्या नागपुरी संत्र्यांवर त्यांनी केलेलं काम भिंतीवर मांडता येईल का? कडूपणाचा प्रश्न झाडापासूनच सोडवायचा तो मार्ग आहे, आणि भिंतीचा उजवा शेवट त्याच्यासाठी मोकळा ठेवला आहे.

२२ मार्च

छपाईला गेलं : सांगाडा, लेबलांवरून काळ ओळखण्याची चाळणी, डब्याची कापलेली कडा, तीन बरण्या, कारखान्याचं वर्ष, मावशींचे हात (फोटो फक्त हातांचे, त्यांच्या इच्छेप्रमाणे), बागायतदारांचं वाक्य. काकूंच्या डब्याला काचेची पेटी मिळाली. प्रदर्शन संपलं की तो त्यांना परत करायचा, पावती दिली आहे.

बाकी : तळावरच्या उठावाच्या अक्षरांची लिपी अजून लागलेली नाही. काकाजींनी सीलच्या यंत्रावर काम केलेल्या आणखी एका जोडीदाराचा पत्ता काढला आहे, कामठीला राहतात. पुढच्या रविवारी डब्याचे फोटो घेऊन त्यांच्याकडे जायचं.